२२ सप्टेंबर १९५५ : बीबीसी रेडिओचा एक गुरुवार

सांजवारा (धागाकर्ती)

ब्रिटिश रेडिओवरचं लिखाण बहुतेक वेळा युद्धातच अडकून पडतं. चर्चिलची भाषणं, बॉम्ब पडत असताना वाचलेल्या बातम्या वगैरे. मला त्यानंतरची दहा वर्षं जास्त मजेशीर वाटतात. रेशन नुकतंच उठलंय (जुलै १९५४), टीव्ही दारात येऊन उभा आहे, आणि तरीही देश सकाळपासून रात्रीपर्यंत रेडिओच्या हिशेबाने उठतो-बसतो. म्हणून त्या काळातला एक दिवस धरला. गुरुवार, २२ सप्टेंबर १९५५. हाच का, ते संध्याकाळी पावणेसातला कळेल.

आधी थोडी मांडणी. घरी रेडिओ ठेवायचा परवाना वर्षाला १ पौंड, टीव्हीही हवा असेल तर दोन्ही मिळून ३ पौंड. जाहिराती अजिबात नाहीत. केंद्रं तीन. होम सर्व्हिस म्हणजे बातम्या, शाळा, नाटकं, भाषणं. लाइट प्रोग्रॅम १९४५ चा, गाणी-गमती-मालिकांचा. आणि १९४६ पासूनचा थर्ड प्रोग्रॅम, जो फक्त संध्याकाळी उघडायचा आणि श्रोत्याला काही येत नसेल तर तो श्रोत्याचाच दोष मानायचा. थर्ड निघाला तेव्हाचे महासंचालक विल्यम हेली यांच्या डोक्यात एक पिरॅमिड होता. माणूस लाइटवर गाणी ऐकता ऐकता होमवर येईल, होमवरून हळूहळू थर्डवर चढेल. प्रत्यक्षात बहुतेक मंडळी आपापल्या पायरीवर मांडी घालून बसली.

सकाळी होम सर्व्हिसवर हवामान, सातच्या आणि आठच्या बातम्या, मध्ये पाच मिनिटांचं धार्मिक चिंतन. बातम्यांआधी ग्रीनिचचे सहा ठोके (ते १९२४ पासून), त्यावर घरोघरची घड्याळं लागायची.

नऊनंतर खरी गंमत सुरू होते. या वेळापत्रकात प्रत्येक तासाला 'आत्ता घरात कोण आहे?' या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलेलं दिसतं आणि मग कार्यक्रम ठेवलेला दिसतो. नवरा कामावर गेला, मोठी मुलं शाळेत गेली की लाइटवर 'हाउसवाइव्ह्ज चॉइस', म्हणजे गृहिणींच्या फर्माइशी. त्याच वेळी होमवर सव्वादहाची प्रार्थना आणि मग शाळांसाठीचे कार्यक्रम, वर्गात बाईंनी सेट लावून ऐकवायचे.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. हा कार्यक्रम जून १९४० मध्ये, डंकर्कहून ब्रिटिश फौजेने माघार घेतल्यावर दोनतीन आठवड्यांत सुरू झाला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत हात चालते राहावेत म्हणून सलग अर्धा तास वाद्यसंगीत, निवेदन जवळजवळ नाहीच. लाउडस्पीकरवरून यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं पाहिजे म्हणून चाल ठसठशीत हवी, आवाज मध्येच बारीक व्हायला नको, रेंगाळणारी गाणी नकोत. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास' यातून वगळलं होतं, कारण त्यात टाळ्यांची जागा आली की कामगार हातातली हत्यारं बाकावर आपटायचे! युद्ध संपून दहा वर्षं झाली तरी हा कार्यक्रम चालूच होता, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातून तीनदा 'वर्कर्स प्लेटाइम', थेट कुठल्या तरी कारखान्याच्या कँटीनमधून.

अकराला 'मिसेस डेल्स डायरी'चा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा. लंडनच्या एका काल्पनिक उपनगरातल्या डॉक्टरची बायको रोजनिशी वाचते, एवढंच. नवऱ्याची, म्हणजे जिमची, तिला सतत काळजी. या 'मला जिमची जरा काळजीच वाटते'वर अख्ख्या देशाने विनोद केले आणि अख्ख्या देशाने ते ऐकलंही.

पावणेदोनला 'लिसन विथ मदर', पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटं. 'नीट बसलात ना? मग सुरू करते' अशी सुरुवात, फोरेचं पियानोवरचं अंगाईगीत, एक गोष्ट, दोनचार बडबडगीतं. बरोबर दोनला 'वुमन्स अवर'. ही जोडणी मला फार हुशारीची वाटते. पोर गोष्ट ऐकून पेंगुळतं, आणि मग आईचा तास.

पाचला होमवर 'चिल्ड्रन्स अवर', सहाला बातम्या. आणि सहा ते सात टीव्ही बंद! खरंच बंद. मुलं जेवून झोपावीत म्हणून पडदा कोरा ठेवायची रीत होती, ती १९५७ पर्यंत टिकली. त्यामुळे पावणेसातला रेडिओला कोणी स्पर्धकच नव्हता. त्या वेळी लाइटवर 'द आर्चर्स'. अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातलं शेतकरी कुटुंब, रोज पंधरा मिनिटं.

२२ सप्टेंबर १९५५ ला सव्वासातला लंडनमध्ये आयटीव्ही सुरू होणार होता, ब्रिटनमधला पहिला जाहिरातींवर चालणारा टीव्ही. गिल्डहॉलमध्ये समारंभ, भाषणं, मेजवानी. त्याच्या अर्धा तास आधी आर्चर्समध्ये तबेल्याला आग लागली. ग्रेस आर्चर, फिलची बायको, लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले, मिडनाइट नावाच्या घोड्याला वाचवायला पुन्हा आत शिरली. भाग संपताना फिल सांगतो की ती दवाखान्याच्या वाटेवर त्याच्या हातांत गेली.

पुढचे काही दिवस बीबीसीकडे फोन, तारा, पत्रं, फुलं. ऐकणारे दोन कोटी होते असं सांगतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत आयटीव्हीच्या पहिल्या रात्रीच्या शेजारी ग्रेसचा मृत्यू छापून आला.

उरलेला दिवस नेहमीसारखाच पार पडला. सातला 'रेडिओ न्यूजरील', नऊला बिग बेनचे टोल आणि बातम्या, थर्डवर त्यांचं जे काही असेल ते.

---

खडूसआजोबा

छान लिहिलंय ताई, पण एवढं गोड करू नका. लोकांना काय आवडतं यापेक्षा लोकांना काय आवडायला हवं हे ठरवणारी ही संस्था होती. तरुण पोरं संध्याकाळ झाली की सेटचा काटा फिरवून २०८ मीटरवर रेडिओ लक्झेंबर्ग लावत होती. जाहिराती, गाण्यांचे तक्ते, सगळं तिथे. आवाज मध्येच बुडायचा, परत वर यायचा, तरी ऐकायचे. हा धागा लक्झेंबर्गशिवाय अर्धा आहे.

आणि हे नाटक आपल्याकडेही तसंच्या तसं झालं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलाच मराठी माणूस, १९५२ पासून नभोवाणी मंत्री. सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नकोत, शास्त्रीय ऐका. लोक काय करणार? सिलोन लावला, बिनाका गीतमाला ऐकली. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. हेलींचा पिरॅमिड आणि केसकरांचा तानपुरा, मला तरी एकाच घरातले वाटतात.

---

कोकमसरबत

आजोबा +१. पण 'वुमन्स अवर'ला त्यात ओढू नका. १९४६ साली सुरू झाला तेव्हा निवेदक पुरुष होता, अॅलन आयव्हिमी, हे वाचून मी कपाळावर हात मारला होता. तरीही १९४० च्या दशकातच तिथे रजोनिवृत्तीवर बोलणं झालं. साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण झालं. तेव्हा छापील मासिकंसुद्धा हे विषय जरा वळसा घालूनच मांडत.

दुसरं, 'घरात कोण आहे' हे सूत्र बायकांच्या बाजूने वाचलं की थोडं टोचतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ती घरातच असणार हे गृहीत धरूनच सगळं रचलंय. युद्धात हीच बाई कारखान्यात होती आणि तिच्यासाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' होतं. युद्ध संपलं, ती घरी परतली, आणि तिच्यासाठी फर्माइशी आल्या.

---

मुळामुठा

एक भाबडा प्रश्न. इतकी गाणी वाजवायची तर सरळ तबकड्या का नाही लावल्या? 'म्युझिक व्हाइल यू वर्क'साठी रोज दोनदा जिवंत बँड बसवायचा म्हणजे खर्च केवढा!

---

लघुलहरी

@मुळामुठा, भाबडा अजिबात नाही, हाच कळीचा मुद्दा आहे. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना, दोघांनाही तबकड्यांची भीती. रेडिओवर फुकट वाजली तर विकत कोण घेणार, आणि तबकडी वाजली तर वादकाला काम कोण देणार? म्हणून आठवड्याला ठरावीक तासच तबकड्या वाजवायची मुभा होती. त्याला 'नीडल टाइम' म्हणत. 'हाउसवाइव्ह्ज चॉइस'सारख्या कार्यक्रमांत ते तास संपायचे, बाकी सगळीकडे जिवंत वाद्यवृंद. त्या काळात ब्रिटनमध्ये इतके हलक्याफुलक्या संगीताचे बँड टिकून होते, त्यामागे हे भांडण आहे. पुढे १९६० च्या दशकात समुद्रात जहाजं उभी करून चोरटी केंद्रं निघाली, ती दिवसभर तबकड्याच वाजवायची. लोकांनी एवढी डोक्यावर का घेतली असतील, याचा अंदाज येतो.

तांत्रिक भर : लाइट प्रोग्रॅम १५०० मीटरवर, म्हणजे लाँग वेव्हवर, ड्रॉइटविचहून. ही लहर समुद्रावर लांबवर पोचते म्हणून जहाजांसाठीचं हवामानही लाइटवरच. म्हणजे नाचगाण्यांच्या केंद्रावर मध्येच कोणीतरी गंभीर आवाजात डॉगर, हंबर, थेम्स, रॉकॉल, फास्टनेट अशी समुद्राच्या पट्ट्यांची नावं म्हणत जायचं. तुमच्या गुरुवारी त्या यादीत हेलिगोलँडही असणार. ते बदलून 'जर्मन बाइट' झालं १९५६ मध्ये.

आणि १९५५ मध्येच २ मे ला केंटमधल्या रॉथमहून व्हीएचएफ (म्हणजे आजचं एफएम) प्रक्षेपण सुरू झालं होतं. खरखर गेली, पण नवीन सेट घ्यायला पैसे कोणाकडे होते? ज्यांच्याकडे होते ते टीव्ही घेत होते.

---

नगरीबाणा

आमच्या नगरचं नाव कोणीच घेत नाही म्हणजे काय! स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर (आता अहिल्यानगर). वडील ब्रिटिश फौजेत, लहानपणाचा बराच काळ पुण्यात. १९५१ पासून बीबीसीवर 'द गून शो' यांनी लिहिला, आणि पीटर सेलर्स, हॅरी सीकम यांच्याबरोबर सादर केला. तुमच्या गुरुवारच्या आगेमागेच, त्याच सप्टेंबरात, सहावी मालिका सुरू झाली होती.

रेडिओवर असं काही आधी कोणी केलं नव्हतं. दार उघडल्याचा आवाज येतो, मग पावलं येतात, मग ती पावलं कितीतरी वेळ येतच राहतात, आणि मग मोटार सुरू होते. दृश्य नसल्याचा जेवढा गैरफायदा घेता येईल तेवढा घेतला. त्यातला मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानातल्या छावणीत मुरलेला, लाचखाऊ, करी खाऊन पोट बिघडलेला फौजी. हा माणूस मिलिगनने लहानपणी छावणीच्या आसपास बघितलेला असणार, असं मला वाटतं. नगरमध्ये मोठ्या झालेल्या कोणालाही छावणीचा तो वास लगेच ओळखू येईल.

किंमतही मोजली गड्याने. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं नवं लिखाण. १९५२ च्या शेवटी मन इतकं ढासळलं की इस्पितळात ठेवावं लागलं.

---

तिरकीमान

नगरीबाणा, मिलिगन ग्रेटच. पण त्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं होती, सेलर्स आणि मिलिगन भारतीय उच्चारांची नक्कल करत बोलायचे. काही ठिकाणी त्यांचा विनोद साहेबावर उलटतो हे खरं, पण बराचसा नुसता उच्चारांवर आहे. आज कान देऊन ऐकलं की हसू मध्येच अडकतं.

आता धाग्याच्या गाभ्याबद्दल. ग्रेसला मारून बीबीसीने आयटीव्हीचे प्रेक्षक पळवले, ही कथा मला पटत नाही. पहिल्या रात्री आयटीव्ही फक्त लंडन आणि आसपास दिसत होता, तोही ज्यांनी सेटमध्ये फेरफार करून घेतला त्यांनाच. यॉर्कशरमधल्या शेतकऱ्याला आयटीव्ही बघायचा असता तरी दिसला नसता. शिवाय आर्चर्स सातला संपलं, आयटीव्ही सव्वासातला उघडला. मग पळवलं कोणाला?

---

सांजवारा

@तिरकीमान, प्रेक्षक नाही, मथळे पळवले. मी तेच म्हणतेय. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर बोलायला विषय कोणता असेल, हे बीबीसीने आदल्या संध्याकाळी सातच्या आत ठरवून टाकलं. मँचेस्टर गार्डियनने वर्ड्‌स्वर्थच्या धाटणीत ग्रेसवर विडंबन छापलं, त्यातही आयटीव्हीचा उल्लेख होताच. तारीख योगायोगाने आलेली नव्हती, ती ठरवून निवडली होती, हे पुढे बाहेर आलं.

आणि हे जमलं ते वेळापत्रकामुळेच. साडेचार वर्षं रोज त्याच वेळी, त्याच पंधरा मिनिटांत तुम्ही लोकांच्या स्वयंपाकघरात जात असाल, तर एका संध्याकाळी तिथे वीज पाडता येते. गिल्डहॉलच्या मेजवानीला ती सवय कुठून असणार? पहिलाच दिवस होता.

---

बर्मिंगहॅमकर

आर्चर्स आमच्या गावचं उत्पादन (बर्मिंगहॅममध्ये तयार होतं, आजही), म्हणून बोलणं भाग आहे. :)

ही मालिका मुळात करमणुकीसाठी काढलेलीच नाही. १९४८ साली बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांबरोबर बैठक झाली. शेतीविषयक भाषणं कोणी ऐकत नाही ही तक्रार होती. तेव्हा पावणेसातला 'डिक बार्टन' नावाच्या गुप्तहेराची मालिका लागायची, दीड कोटी लोक ऐकायचे. हेन्री बर्ट नावाचा एक शेतकरी उठून म्हणाला की आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. सगळे हसले. गॉडफ्री बेसली या निर्मात्याने मात्र ते मनावर घेतलं. १९५० मध्ये मिडलंड्सपुरते प्रयोगादाखल भाग, १ जानेवारी १९५१ पासून देशभर. त्याच वर्षी डिक बार्टन बंद करून ती वेळ आर्चर्सला दिली. म्हणजे शेतकऱ्याने खरोखरच गुप्तहेराची जागा घेतली!

धान्य कमी, रेशन चालू, उत्पादन वाढवायचंय, म्हणून कृषी खात्याचा सल्ला गोष्टीत मिसळून द्यायचा. कोंबड्यांचे रोग, खतं, नवी यंत्रं, सगळं संवादांतून.

ग्रेसच्या मरणाला आणखी एक पदर आहे, तो जास्त कडू आहे. ती भूमिका करणाऱ्या इझान चर्चमन यांनी पुरुष नटांइतकं मानधन मागितलं होतं, संघटनेकडेही गेल्या होत्या. बेसलींना ते रुचलं नाही. कोणाला मारायचं हे ठरवताना नाव पुढे आलं ते त्यांचं. ही गोष्ट त्यांनी कित्येक वर्षांनी सांगितली.

---

कोकमसरबत

बघा! मी म्हटलं नव्हतं? आग तबेल्याला लागली खरी, काडी कोणी टाकली ते आत्ता कळलं.

---

खडूसआजोबा

आकाशवाणीची शेतकऱ्यांसाठीची मंडळंही आर्चर्सवरूनच घेतली असणार. नाहीतरी आकाशवाणीचे पहिले प्रमुख फील्डन साहेब १९३५ साली बीबीसीतूनच इकडे आले आणि सगळा साचा घेऊन आले. मुंबई केंद्रावरची 'कामगार सभा' आणि 'वनिता मंडळ' आठवा, हाच 'आत्ता कोण ऐकतंय' हिशेब.

---

लघुलहरी

साचा बीबीसीचा, मान्य. शेतकरी मंडळांचं मूळ मात्र वेगळं आहे आजोबा. १९५६ साली आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी मराठी मुलखातल्या १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, तो कॅनडातल्या 'फार्म फोरम'वरून. गावातले लोक एकत्र बसून अर्धा तास ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे, आणि प्रश्न केंद्राकडे परत पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यासही केला. आर्चर्समध्ये ऐकणाऱ्याने परत बोलायची सोय नव्हती, फुलं पाठवण्यापलीकडे. मला पुण्याचा प्रयोग जास्त धाडसी वाटतो. त्यावर वेगळा धागा हवा.

---

मुळामुठा

लघुलहरी, काढाच. मी पहिला प्रतिसाद देतो.

बाकी, त्या गुरुवारी बीबीसीवर राजकारण काहीच नव्हतं का? सुएझ कालव्याचं संकट वर्षावर आलं होतं.

---

तिरकीमान

होतं, पण तोंडाला कुलूप लावून. संसदेत पुढच्या चौदा दिवसांत ज्या विषयावर चर्चा व्हायची आहे त्यावर रेडिओ-टीव्हीने चर्चा करायची नाही, असा नियम होता. बीबीसी स्वतःहून पाळत होती तो, सरकारने जुलै १९५५ मध्ये लेखी आदेश काढून पक्का केला. म्हणजे सांजवारा यांच्या गुरुवारच्या दोन महिने आधीच. वर्तमानपत्रं त्याच विषयावर रकाने भरत होती, रेडिओने मात्र गप्प बसायचं. सुएझच्या वेळी त्याचं हसं झालं आणि १९५६ च्या शेवटी तो गुंडाळला.

कोंबड्यांच्या रोगावर बोलायला मात्र कधीच बंदी नव्हती.

---

कोकमसरबत

एक नाव राहिलं, ते टाकून पळते. वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या. युद्धकाळात लंडनला बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात होत्या, जॉर्ज ऑरवेल तिथे असताना त्यांच्याबरोबर काम केलं. लंडनहून मराठी प्रक्षेपण १९४२ मध्ये सुरू झालं आणि १९५८ पर्यंत चाललं. म्हणजे ग्रेस आर्चर जळत्या तबेल्यात शिरली त्या वर्षी लंडनहून मराठीही बोललं जात होतं. तोपर्यंत वेणूताई भारतात परतल्या होत्या, १९५० साली त्यांची इंग्रजी कादंबरीही आली होती.

---

मुळामुठा

अरे वा, हे माहीतच नव्हतं. सांजवारा, एका तारखेला काय काय लागलं होतं हे शोधायचं कुठे?

---

सांजवारा

बीबीसीचं 'जीनोम' म्हणून संकेतस्थळ आहे. 'रेडिओ टाइम्स' या त्यांच्या साप्ताहिकातली १९२३ पासून २००९ पर्यंतची सगळी वेळापत्रकं तिथे घातली आहेत. १९५५ मध्ये या अंकाचा खप ८० लाखांवर होता. तारीख टाका, केंद्र निवडा, पान उघडतं. छापलेलं आणि प्रत्यक्ष लागलेलं यात फरक पडू शकतो तेवढा लक्षात ठेवा. ६ फेब्रुवारी १९५२ चं पान काढलंत तर दिवसभराचे कार्यक्रम दिसतील, पण सव्वाअकराला जॉन स्नॅग यांनी सहावा जॉर्ज गेल्याची बातमी दिली आणि त्यानंतर बातम्या, हवामान आणि वादळाचे इशारे सोडून सगळं रद्द झालं होतं.

@कोकमसरबत, पळू नका, वेणू चितळ्यांवर लिहा. आणि @लघुलहरी, पुण्याच्या मंडळांचा धागा या आठवड्यात.

---

खडूसआजोबा

मी माझ्या जन्मतारखेचं पान काढलं. थर्डवर तास-दीड तास कुठलंसं ग्रीक नाटक. लाइटवर नाचाचा बँड. आईने काय लावलं असतं ते मला माहीत आहे.